पावणेदोनशे बोंडांचा टी-शर्ट

आधीच सांगून टाकतो, हे पुस्तक-परीक्षण नाही. परीक्षण लिहायचं तर पुस्तक सगळं समजलेलं असावं लागतं. मी वाचलेलं पुस्तक अर्थशास्त्राचं, तेही इंग्रजीत, आणि मी पडलो मेकॅनिकलचा! डिक्शनरी उशाशी घेऊन वाचलं. पण त्या पुस्तकानं माझी एक सवय मोडली. वस्तू हातात आली की आधी ब्रँड बघायचा, मग एम.आर.पी. बघायची आणि मग 'काही कमी करा की' म्हणायचं, ही ती सवय. आपल्या सगळ्यांचीच असते. ती मोडल्यामुळे यंदा गॅदरिंगच्या टी-शर्टवरून होस्टेलमध्ये माझे दोन-चार जणांशी चांगलेच वाजले. त्या भांडणाची माझी बाजू इथे मांडतो आहे. संपादकांनी छापली तर त्यांचे आभार.

पुस्तकाचं नाव 'द ट्रॅव्हल्स ऑफ अ टी-शर्ट इन द ग्लोबल इकॉनॉमी'. लेखिका पिएत्रा रिव्होली, पुस्तक लिहिलं तेव्हा अमेरिकेत जॉर्जटाऊन विद्यापीठात शिकवत होत्या. पुस्तक २००५ सालचं. आपल्या लायब्ररीत मॅनेजमेंटच्या कपाटात, 'टोटल क्वालिटी'च्या जाडजूड पुस्तकांच्या मागे पडलं होतं. पी.एल. मध्ये अभ्यास सोडून बाकी सगळं वाचावंसं वाटतं हे तुम्हाला माहीतच आहे. त्या नियमाने ते माझ्या हाती लागलं.

गोष्ट सुरू होते १९९९ साली. जॉर्जटाऊनच्या आवारात विद्यार्थ्यांची निदर्शनं चालू असतात. एक मुलगी माइकवरून जमलेल्यांना विचारते, की तुमच्या अंगातला टी-शर्ट कुणी बनवला हे तुम्हाला ठाऊक आहे का? आपल्याकडे मोर्चात असा प्रश्न कुणी विचारला तर पोरं शिट्ट्या मारतील. या प्रोफेसर बाईंनी मात्र तो प्रश्न मनावर घेतला. फ्लोरिडातल्या एका दुकानातून ५.९९ डॉलरला पोपटाचं चित्र असलेला एक साधा टी-शर्ट विकत घेतला आणि त्याच्या मागावर निघाल्या. टी-शर्ट शिवला होता चीनमध्ये. शोध घेतला तर कळलं, की त्यातला कापूस येतो टेक्सासमधून, म्हणजे त्यांच्याच देशातून! तिथून पुढे त्या लबक गावाजवळच्या एका कापूस उत्पादकाच्या घरी पोचल्या. आणि टी-शर्ट जुना झाला की काय होतं ते बघायला थेट आफ्रिकेत, टांझानियाच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात.

आता हे वाचताना मी कुठे बसलो होतो? परभणी जिल्ह्यात! सेलू, मानवत, पाथरी, जिंतूर, कुठल्याही रस्त्याने निघा, दिवाळीनंतर दोन्ही बाजूंना पांढरं रान दिसतं. मानवतच्या बाजारात कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात. आपल्या होस्टेलमधल्या निम्म्या पोरांची फी कापसाच्या पट्टीवर भरली जाते. माझी तर नक्कीच. घरी चार एकर कोरडवाहू, त्यातला अडीच-तीन एकर कापूस. म्हणजे त्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण माझ्या घरातलं आणि शेवटचं माझ्या अंगावरचं. मधल्या प्रकरणांचा मला पत्ताच नव्हता.

मराठीत शेतकऱ्याच्या बाजूने लिहिलेली पुस्तकं कमी नाहीत. जोतिराव फुल्यांचं 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ सालचं आहे. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला २००४ साली साहित्य अकादमी मिळालं, ते आमच्या मागच्या बॅचमध्ये हातोहात फिरलं. पण ही पुस्तकं वाचताना मी शेतकऱ्याचा पोरगा असायचो. दुकानातल्या काउंटरपाशी उभं करून तिथून उलट्या पावलांनी शेतापर्यंत नेणारं पुस्तक मी पहिल्यांदाच वाचलं. इथे मी गिऱ्हाईक होतो. फरक पडतो.

पुस्तक वाचून झाल्यावर मी माझ्या इंजिनिअरिंगच्या अकलेने एक हिशेब मांडला. तो देतो, कारण भांडण पुढे त्याच्यावरूनच झालं. माझ्याकडचा एक कॉटनचा टी-शर्ट लॅबमधल्या काट्यावर ठेवला, १७० ग्रॅम भरला. रुईचं सूत, सुताचं कापड, कापडाचा टी-शर्ट होताना घट होते. ती सगळी मिळून ३० टक्के धरली. म्हणजे साधारण २४० ग्रॅम रुई लागली. कापसातून रुईचा उतारा ३४ टक्के धरला, तर सरकीसकट कापूस लागला ७०० ग्रॅम. एक बोंड चार ग्रॅमचं धरा. सातशे भागिले चार, १७५. एका टी-शर्टात पावणेदोनशे बोंडं आहेत!

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आईला हा आकडा सांगितला. ती म्हणाली, "एवढुशा फडक्यात पावणेदोनशे बोंडं? ग्वाड बोलतूस." मग मी तिलाच विचारलं, दिवसाला किती वेचतेस? चांगलं फुटलेलं रान असलं तर तीस-पस्तीस किलो, ती म्हणाली. पस्तीस किलो म्हणजे पन्नास टी-शर्ट. आठ तासांचा दिवस धरला तर एका टी-शर्टामागे जवळजवळ दहा मिनिटं वाकून वेचणी. आपलं संपलं की ती दुसऱ्याच्या रानात वेचायला जाते. आमच्या शिवारात यंदा किलोला दहा-बारा रुपये वेचणी होती, म्हणजे एका टी-शर्टाला सात-आठ रुपये. हे सांगितल्यावर ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "अन् तू कितीला घेतलास?"

आता पैशाचं बघू. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल आहे, मध्यम धाग्याचा ७७१०. हमीभावानेच विकला असं समजू, तरी ७०० ग्रॅमचे होतात ५७ रुपये. सरकीची किंमतही यातच आली. कॉटनचा छापील टी-शर्ट आपल्या गॅदरिंगसाठी ३१० रुपयांना पडत होता. शंभरातले अठरा शेतकऱ्याकडे गेले, आणि त्या अठरांतून त्याने बियाणं, खत, फवारणी, कोळपणी, वेचणी, भाडं द्यायचं. राहिलेले ब्याऐंशी जिनिंग, सूतगिरणी, विणकाम, रंग, शिलाई, छपाई, वाहतूक, दुकान आणि पाच टक्के जी.एस.टी. यांच्यात वाटले गेले. मी 'बाकीचे सगळे चोर' असं म्हणत नाहीये. शिलाई मशिनवर बसलेल्या बाईलाही त्यात फार काही मिळत नाही. एवढंच म्हणतो, की ३१० हा आकडा आता मला सलग दिसत नाही. त्याचे तुकडे दिसतात.

आमच्या आबांना ही भानगड मान्य नाही. ते म्हणतात, "काटा बरोबर झाला, पट्टी हातात आली की आपलं काम संपलं. फुडं त्याचा टी-शर्ट व्हतो का गादी व्हती, आपल्याला काय करायचंय?" पण करायचं काय ते त्या लबकच्या लोकांनी दाखवलं आहे, आणि पुस्तकातला मला सगळ्यात टोचलेला भाग तोच. तिथला शेतकरी कापूस विकून मोकळा होत नाही. जिनिंगमध्ये, सरकीच्या तेल गिरणीत शेतकऱ्यांच्याच सहकारी संस्था आहेत. सरकीचं तेल, पेंड, टरफल, सगळ्याचा पैसा होतो आणि त्यातला वाटा मालकाकडे परत येतो. शेजारी टेक्सास टेक विद्यापीठ आहे, तिथलं संशोधन शेतात येतं. वर सरकारचं अनुदान. रिव्होलीबाई स्पष्ट लिहितात, की अमेरिकन शेतकरी बाजारात नुसता पळून जिंकला नाही, बाजाराचे धोके अंगावर येऊ नयेत याची व्यवस्थाही त्याने करून ठेवली.

मित्रांनो, आपल्याकडे यातलं काय नाही? कृषी विद्यापीठ तर आपल्या परभणीतच आहे, १९७२ पासून. मेहबूब बागेत कापूस संशोधन केंद्र आहे. 'परभणी तुराब', 'विनायक' हे देशी कापसाचे वाण इथलेच. बीटी यायच्या आधी मराठवाड्यात गाजलेलं 'नांदेड ४४' हे संकरित वाण नांदेडच्या केंद्राचं, म्हणजे आपल्याच विद्यापीठाचं. निजामाच्या काळात नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली, पिकतं तिथेच सूत निघायचं. ती मिल बंद पडली. आता इथे जिनिंग होतं, १७० किलोची गाठ बांधली जाते आणि ती ट्रकवर चढून गुजरातला नाही तर तामिळनाडूकडे जाते. सरकीची पेंड तेवढी आपल्याला दिसते, कारण म्हशीसाठी ती आपणच परत विकत आणतो! तेल जातं फरसाणात. मेसच्या शेवेत बघा, आपलंच रान असेल.

हे सगळं डोक्यात असताना कमिटीने यंदाचा टी-शर्ट ठरवला. ड्राय-फिट! पॉलिस्टर. २४० रुपये. मी म्हटलं, अरे बाबांनो, कापसाच्या जिल्ह्यात, कापसाच्या पोरांनी, फेब्रुवारीच्या उन्हात पेट्रोलियमपासून बनलेला टी-शर्ट घालून 'मातीशी नातं' या थीमवर नाचायचं? (थीम खरंच हीच होती.) तर उत्तर आलं, "टी-शर्ट घालायचाय का त्याच्यावर पीएच.डी. करायचीय?" सगळे हसले. मीही हसलो, वाक्य चांगलंच होतं.

पण नंतर रूमवर नीट चर्चा झाली. विरोधकांचे मुद्दे फालतू नव्हते, म्हणून ते प्रामाणिकपणे देतो. पहिला, पॉलिस्टर लवकर वाळतं. होस्टेलला पाणी एक दिवसाआड येतं तेव्हा याचं महत्त्व ज्याला कळतं त्यालाच कळतं. दुसरा, कमिटीला हवी ती रंगीत सब्लिमेशनची छपाई पॉलिस्टरवरच नीट बसते. आणि तिसरा, "तुझ्या चारशे टी-शर्टांनी शेतकरी वाचणार आहे का?"

तिसऱ्याचं उत्तर मी कागदावर काढलं. चारशे टी-शर्ट गुणिले २४० ग्रॅम, ९६ किलो रुई. एका गाठीच्या अर्ध्याहून थोडी जास्त. म्हणजे नाही, आपल्या ऑर्डरने कुणीही वाचणार नाही. मानवतच्या बाजारात याची कुणाला खबरसुद्धा लागणार नाही. हे मी आधीच मान्य केलं.

मग पुस्तक वाचून होतं तरी काय, असा प्रश्न राहतोच. याचं एक जुनं उदाहरण मला मराठी माणसाचंच सापडलं, आणि आपल्याला शाळेत ते कुणी शिकवलं नाही याचं आश्चर्य वाटतं. सखाराम गणेश देऊसकर. घराणं मूळचं कोकणातलं, पण जन्म १८६९ चा, देवघरजवळचा, म्हणजे आजच्या झारखंडातला. हा माणूस बंगालीत लिहायचा. १९०४ साली त्यांनी 'देशेर कथा' नावाचं पुस्तक काढलं. त्यात होतं काय? आकडे! दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त, विल्यम डिग्बी यांनी मांडलेले, बरेचसे सरकारच्याच अहवालांतले. देश कसा गरीब झाला, इथले विणकर कसे बसले, पैसा कुठल्या वाटेने बाहेर जातो, ते त्यांनी सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत लिहिलं. दुसऱ्याच वर्षी बंगालची फाळणी झाली, स्वदेशीची चळवळ पेटली आणि हे पुस्तक हजारोंनी खपलं. चळवळ एका पुस्तकाने होत नसते हे मलाही कळतं. पण बाजारात विलायती धोतरजोडीचा भाव विचारणाऱ्या माणसाला त्या भावामागचा हिशेब या पुस्तकाने दिला. सरकारला ते इतकं खुपलं, की १९१० मध्ये बंदी घातली. देऊसकरांचे भाचे बाबुराव विष्णु पराडकर, हिंदीतले मोठे संपादक, त्यांनी त्याचा हिंदी अनुवाद केला. नुसत्या आकड्यांच्या पुस्तकावर बंदी येते, हे आपल्यासारख्या आकडेमोड करणाऱ्या जमातीने लक्षात ठेवायला हरकत नाही.

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला विरोधकांनी नाही, आमच्या एका सरांनी दाखवली. ते म्हणाले, रवींद्रनाथांची 'घरे बाइरे' वाच. १९१६ ची कादंबरी. त्यात विलायती कापडाच्या बहिष्काराची सक्ती गावच्या गरीब विक्रेत्यांवर कशी येते ते दाखवलंय. स्वस्त विलायती कापड ज्याला परवडतं त्याला महाग देशी कापड घे म्हणणं सोपं असतं, विशेषतः आपण जमीनदाराच्या वाड्यात राहत असलो तर! मी गप्प झालो. कारण ३१० आणि २४० मधले सत्तर रुपये आमच्या मजल्यावर काही जणांना खरोखर जड आहेत. महिनाअखेरीला ते दोन-तीन दिवसांचा नाश्ता असतात. आणि ज्यांना ते जड आहेत त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरीही कापूसच आहे. कापूस पिकवणाऱ्याच्या पोराला कॉटन परवडत नाही, हे वाक्य मी चार वेळा लिहून बघितलं, त्यात कुठेही अतिशयोक्ती नाही. म्हणून माझी मागणी सक्तीची नव्हतीच. दोन्ही ठेवा, नोटीसवर दोघांची किंमत लिहा आणि कापड कशाचं आहे तेही लिहा, ज्याला जे हवं ते तो घेईल, एवढीच होती. ती 'दोन ऑर्डर कोण सांभाळणार' या एका वाक्यात निकालात निघाली.

यात 'आपला' आणि 'परका' हेही दिसतं तितकं सरळ नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं. तिरुपूरसारख्या गावांतल्या, अमेरिकेला टी-शर्ट पाठवणाऱ्या कारखान्यांचे धाबे दणाणले. त्याच महिन्यात आपल्या सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून. गिरण्यांच्या जागी मी असतो तर मलाही ते हवंच होतं. पण सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, बोंडं झाडावर सडली, आणि जो कापूस हाती आला तो ओला, कवडी, तेव्हा बाजारात परदेशी कापूस आधीच उतरायला लागला होता. त्यात अमेरिकेचाही असतोच. आबांचा आणि लबकच्या त्या म्हाताऱ्याचा कापूस कुठल्यातरी गिरणीत शेजारी शेजारी पडला असेल. एकाच्या मागे अनुदान, विमा, सहकारी तेल गिरणी. दुसऱ्याच्या मागे मी, सहाव्या सेमला, दोन बॅक घेऊन.

आणि एक गोष्ट आहे जी मी घरी अजून बोललेलो नाही. पुस्तकात टेक्सासमध्ये कापूस वेचायला माणसंच लागत नाहीत. यंत्र वेचतं. नवरा-बायको मिळून हजार एकर बघतात. माझ्या फायनल इयरच्या प्रोजेक्टच्या यादीत 'लहान शेतकऱ्यासाठी कापूस वेचणी यंत्र' हा विषय आहे, मला आवडलेला. कंबर मोडते, बोटं बोंडाच्या टोकांनी फाटतात, ते मी लहानपणापासून बघतोय. यंत्र आलंच पाहिजे. पण ती दहा मिनिटं वाचली की त्यांचे सात-आठ रुपयेही वाचतात, आणि ते आईचे असतात. दिवसाचे साडेतीनशे. पुस्तकाआधी मी हा विषय डोळे झाकून घेतला असता, जिनिंग, गिअर रेशो, व्हॅक्यूम, झालं. आता विषय तोच आहे, पण यादीवर टिक करताना पेन थांबतो. गाईड म्हणतात, सोमवारपर्यंत सांग.

बाकी छोट्या छोट्या गोष्टी बदलल्या. वर्कशॉपमध्ये हात पुसायला आपण जे 'कॉटन वेस्ट' घेतो ते सूतगिरणीतलं वाया गेलेलं सूत आहे, हे मला आता आठवतं. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बाई गल्लीत येते, ती कपडा चिमटीत धरून का बघते तेही कळलं. सुती असला तर त्याची गॅरेजची फडकी होतात. आपण लेबल वाचत नाही, ती बोटांनी वाचते. बिस्किटाच्या पुड्यावर, साबणावर, मोबाइलच्या चार्जरवर मी आता मागची बाजू आधी बघतो. रूममेट याला 'पोस्टमॉर्टेम' म्हणतो. मेसमध्ये चहा आला की विचारतो, "याची किती पानं झाली रे?"

पुस्तक मी लायब्ररीत परत केलं आहे. एकच प्रत आहे, जपून वापरा. हिशेबाचा कागद मुद्दाम त्यातच ठेवला आहे, शेवटच्या पानाला. त्यात ३० टक्के घट मी अंदाजाने धरली आहे. कुणाच्या नात्यात सूतगिरणीत किंवा शिलाईच्या युनिटमध्ये कुणी असेल तर खरा आकडा विचारून त्याच कागदावर पेन्सिलने लिहा. वेचणीचा दर गावागणिक वेगळा असतो, आपापल्या गावचा लिहिला तर आणखी बरं. जिंतूर आणि पालमकडची पोरं विशेष करून.